पवईत मासे सोडणं ही शेती आहे, मग शेतीचे नियम लावा की

मुंबईच्या पवई तलावात मेलेले मासे किनाऱ्याला लागले की पुढचे आठ दिवस कोण काय बोलणार ते आता पाठ झालंय. मे संपता संपता किंवा पहिल्या पावसानंतर असे फोटो अधूनमधून येतातच, पांढरी पोटं वर करून तरंगणारे मासे, मागे जलपर्णी आणि त्याच्यामागे टॉवर. मग एक गट म्हणतो की मासे गेले तर नवं बीज, म्हणजे माशांची पिल्लं सोडा, लाखभर सोडा, तलाव परत जिवंत होईल. दुसरा गट म्हणतो की हे मासे सोडणारेच खरे व्हिलन, हौसेने गळ टाकून मासे पकडणाऱ्या गळवाल्यांना हाकला, तलाव मगरींना आणि पक्ष्यांना देऊन टाका, निसर्ग आपलं बघून घेईल. दोन्ही बाजूंना माझे ओळखीचे लोक आहेत, दोघांचंही तलावावर प्रेम आहे यात शंका नाही, पण वाद इतका चुकीच्या जागी चाललाय की राहवत नाही. माझं म्हणणं सरळ आहे. पवईत मासे सोडणं म्हणजे संवर्धन नाही आणि पापही नाही, ती शेती आहे. करायची तर शेती म्हणून करा, म्हणजे बी कुठलं, किती, कोणी टाकलं, आजूबाजूला काय परिणाम झाला, पीक खायच्या लायकीचं आहे का, हे सगळं विचारता येईल. आत्ता यातलं काहीच कोणी विचारत नाही, कारण मासे सोडताना पुण्य केल्याचा फोटो निघतो आणि पुण्याचा हिशोब कोण मागणार?

आधी त्या "निसर्ग बघून घेईल" वाल्यांशी बोलतो. कुठला निसर्ग? विहार, तुळशी हे तलाव झाले, तरी मुंबईला पाणी पुरेना म्हणून मिठीच्या खोऱ्यात बांध घालून 1891 च्या सुमाराला हे पाणी अडवलं. पिण्याचं पाणी म्हणून ते फार काळ चाललंच नाही, नंतर कारखान्यांना आणि बागांना गेलं. म्हणजे ज्याला आपण निसर्ग म्हणतोय ते धरण आहे. त्याच्या आधी इथे ओढे होते आणि ओढ्यातले मासे वाहत्या पाण्याचे. साचलेल्या पाण्यात त्यातले काही टिकले, काही गेले, मरळ आणि शिंगटीसारख्या दणकट जाती राहिल्या. त्यामुळे "मूळ स्थिती" अशी काही चीज परत आणायला शिल्लकच नाहीये. माणसाने केलेल्या तळ्याला माणसाने सोडून दिलं की ते रान होत नाही, पवईच्या बाबतीत ते गटार होतं. आणि तळ्यातले मासे पोसणं, त्यांना खाऊ घालून मग गळाला लावणं ही काही साहेबांची देणगी नाही. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या मानसोल्लासात मासेमारीच्या करमणुकीवर अख्खं प्रकरण आहे, कुठला मासा कुठे राहतो, कुणाला कसले गोळे घालायचे, दोर कसला, गळ कसला, सगळं. म्हणजे नऊशे वर्षांपूर्वीसुद्धा तळ्याकाठी बसून हाच उद्योग चालला होता. तो आज अचानक गुन्हा का व्हावा?

पण आता मासे सोडणाऱ्यांकडे वळू. इथे सोडतात काय? मुख्यतः कटला, रोहू, मृगल. हे तिन्ही गंगा आणि त्या बाजूच्या मोठ्या नद्यांचे मासे, कोकणातल्या ओढ्यांशी त्यांचा काही संबंध नाही. ते आज देशभर तळ्यातळ्यात दिसतात त्यामागे एक जबरदस्त शोध आहे. 10 जुलै 1957 ला ओडिशात अंगुळला हिरालाल चौधुरींनी पियुष ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन या जातींना कृत्रिमरीत्या अंडी घालायला लावलं. त्याआधी पुराच्या पाण्यात नदीतून बीज गोळा करावं लागायचं, त्यात दहा जातींची भेसळ. चौधुरींमुळे मत्स्यजिरे, मत्स्यबीज, बोटुकली असं पिल्लांच्या वाढीच्या टप्प्याटप्प्याने मत्स्यकेंद्रात तयार करता यायला लागलं आणि देशाचं गोड्या पाण्यातलं मत्स्योत्पादन कुठल्या कुठे गेलं. आजही 10 जुलैला मत्स्यशेतकरी दिन पाळतात. बघा, शेतकरी म्हणतात! रायगडात अलिबाग-पेणच्या बाजूला लोक खाडीतून जिताड्याची पिल्लं आणून शेताजवळच्या तळ्यात सोडतात, वाढवतात, जावई आला की काढतात. त्यांच्यापैकी एकानेही कधी मी जैवविविधता वाचवतोय असा बोर्ड लावलेला नाही. तळं माझं, मासा माझा, खाणार मी. हा प्रामाणिकपणा पवईच्या काठावर का नाही, हा माझा प्रश्न आहे.

मासे सोडणाऱ्यांच्या बाजूचा एक मुद्दा मात्र विरोधक कायम चुकीचा मांडतात. कोणीतरी आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवराचं उदाहरण देतं, तिथे नाईल पर्च सोडला आणि तिथल्या शेकडो छोट्या जातींची वाट लागली, पवईतही तेच होणार म्हणे. नाही होणार. नाईल पर्च शिकारी आहे आणि त्या सरोवरात स्वतः वाढत गेला. कटला-रोहू साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं, म्हणूनच तर दरवर्षी बीज आणावं लागतं. बीज आणणं थांबवलं तर जे आहेत ते मोठे होतील, पकडले जातील, मरतील आणि काही वर्षांत विषय संपेल. चूक झाली तरी मागे घेता येते अशा या जाती आहेत, आणि हे मान्य न करता "परकीय मासे, परकीय मासे" ओरडण्यात अर्थ नाही.

मग अडचण कुठे आहे? बादलीत. बादलीतून फक्त कटलाच येतो याची गॅरंटी कोण देतं? नखाएवढ्या पिल्लांमध्ये काय काय आहे ते काठावरच्या पाहुण्यांना सोडा, मुरलेल्या गळवाल्यालाही चटकन सांगता येत नाही. तिलापी या आफ्रिकेतून आलेल्या माशाचं बघा. 1952 मध्ये देशात आणली, स्वस्त प्रोटीन म्हणून, तेव्हाच्या लोकांचा हेतू चांगलाच होता. 1959 पर्यंत मत्स्य संशोधन समितीवर तिचा प्रसार थांबवा म्हणायची वेळ आली. थांबली का? ती साचलेल्या पाण्यात वर्षातून अनेकदा वीण करते, पिल्लं तोंडात सांभाळते, घाण पाण्यात जगते, आज ती नाही असं शहरी तळं शोधून दाखवा. थाई मांगूर या परदेशी शिकारी माशावर केंद्राने 2000 साली बंदी घातली, 2018 मध्ये हरित लवादाला पुन्हा सांगावं लागलं, त्यानंतर आपल्याकडे तळीच्या तळी मांगूर नष्ट करायची मोहीम निघाली, म्हणजे अठरा वर्षं बंदी असलेला मासा बिनधास्त वाढत होता. आणि नुसत्या अपघाताने काय होतं ते बघायचं असेल तर हिमाचलच्या गोविंद सागर जलाशयाचं बघा. 1971 च्या पुरात देवळीच्या मत्स्यकेंद्रातून सिल्व्हर कार्प, आपल्याकडचा चंदेरा, निसटून जलाशयात गेला, तिथे वीण करायला लागला आणि बघता बघता जलाशय त्याचा झाला, कटला मागे पडला. कोणी ठरवून केलं नव्हतं. पवई तर भर पावसात सांडव्यावरून वाहतो, ते पाणी मिठीत, मिठी माहीमच्या खाडीत. मिठीत आज काय जगणार हा वेगळा विषय, पण तळ्याला कुंपण आहे असं समजून बी टाकणं म्हणजे भाबडेपणा आहे.

(जाता जाता एक. गप्पी मासे. डासांच्या अळ्या खातात म्हणून आरोग्य खाती गावोगावी डबक्यात, विहिरीत, तळ्यात ते सोडत आलीयत, त्यांचा भाऊ गंबुशिया तर 1928 पासून देशात आहे. हे मासे दुसऱ्या माशांची अंडी-पिल्लंही खातात. यावर ना गळवाले बोलतात ना पक्षीवाले. गळाला लागत नाही आणि कॅमेऱ्यात दिसत नाही असा मासा कोणाच्याच भांडणात येत नाही.)

दुसरा मुद्दा, जो ऐकायला फार पटतो: मासे सोडले तर मगरींना आणि पक्ष्यांना खायला मिळतं, म्हणजे वन्यजीवांचंही भलंच. अर्धं खरं आहे. पाणकावळे, बगळे, खंड्या हे मासे खाऊनच जगतात आणि मगरसुद्धा मासे खाते. पण पाणकावळ्याला कटलाच लागतो असं कोणी सांगितलं, त्याला तिलापीचं पिल्लूही चालतं आणि ते फुकट पैदा होतंय. मगर तर हजारो वर्षं मत्स्यबीज केंद्राशिवाय जगत आलीय. तिला लागतो तो निवांत, उन्हात पडायला आणि अंडी घालायला मोकळा किनारा, आणि पवईत नेमका तोच आटत चाललाय. कमळपक्षी तरंगत्या पानांवर घरटं करतो, त्याचं माशांशी देणंघेणं नाही, त्याला तरंगती झाडी हवी, आणि ती आपण जलपर्णीबरोबर मशीनने सरसकट उचलतो किंवा मग तिला सगळा तलाव देऊन टाकतो, मधलं काही जमत नाही. उलट काही जाती तर पाणी बिघडवतात. कटला पाण्यातले सूक्ष्म प्राणी खातो, ते प्राणी शेवाळ खात असतात, ते कमी झाले की शेवाळाला रान मोकळं. सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, तळाचा चिखल उकरतो, पाणी गढूळ करतो, मुळं उपटतो. आणि जलपर्णीवर उपाय म्हणून गवत्या, म्हणजे ग्रास कार्प, सोडा असं जे सुचवतात त्यांनी एकदा गवत्याला विचारावं, त्याला कोवळ्या पाणवनस्पती आवडतात, जलपर्णी त्याच्या आवडीच्या यादीत फार खाली आहे. म्हणजे जे ठेवायचं ते खाणार आणि जे जायला हवं ते तसंच.

आता सगळ्यात जड मुद्दा, ज्याला मी स्वतःही सहज बाजूला सारू शकत नाही. गळवाले नसतील तर तलावाकडे बघणार कोण? पहाटेपासून काठावर बसलेला माणूस पाण्याचा रंग बदलला की सगळ्यात आधी ओळखतो. रात्री जाळं टाकणारे, कुठून तरी काळं पाणी सोडणारे, हे त्यालाच दिसतात. पक्षीवाले रविवारी सकाळी येतात आणि नऊला इडली खायला जातात. (मीही जातो.) हा मुद्दा किती खरा आहे आणि तरीही किती अपुरा, हे कळायला कावेरीची गोष्ट बघायला हवी, आणि ती गोष्ट आपल्या लोणावळ्यातून सुरू होते.

टाटांच्या वीज धरणांच्या काठी, लोणावळ्याला, 1970 च्या आसपास डॉ. सी. व्ही. कुलकर्णींनी महसीर माशाची कृत्रिम पैदास करून दाखवली. मोठी गोष्ट होती. धरणांमुळे नद्या तुटल्या होत्या, महसीर कमी होत चालला होता, आणि इथल्या निळ्या परांच्या महसीरची पिल्लं केंद्रात तयार व्हायला लागली. ती देशभर पाठवली गेली. त्यातली कावेरीतही सोडली, तिथल्या गळवाल्यांच्या संघटनेच्या पुढाकाराने, महसीर वाचवायचा म्हणून. पण कावेरीत आधीपासून एक महसीर होता, पाठीला कुबड असलेला, नारिंगी परांचा, पन्नास किलोच्या पुढे जाणारा, जगातल्या सगळ्यात मोठ्या महसीरांपैकी. महसीरसारखा महसीर, त्यात काय फरक पडतो असंच तेव्हा वाटलं असणार. पुढे कावेरीकाठच्या अभयारण्यातल्या एका कॅम्पमध्ये गळवाले मासा पकडून, वजन लिहून, परत सोडायचे. त्या वह्या संशोधकांनी तपासल्या तेव्हा दिसलं की निळ्या परांचा वाढत गेलाय आणि कुबडवाला कमी कमी होत गेलाय. पण जो कुबडवाला सापडत होता तो सरासरीने आधीपेक्षा मोठा. गळवाल्याला काय, मोठा मासा मिळाला की दिवस सोन्याचा. खरा अर्थ मात्र असा की नवी पिल्लं वाढून येतच नव्हती, फक्त म्हातारे उरले होते. 2018 मध्ये त्या माशाला शास्त्रीय नाव पक्कं मिळालं आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त यादीतही गेला. धरणं, वाळूउपसा, सुरुंग लावून मासेमारी अशी बाकीची कारणं आहेतच, सगळं खापर सोडलेल्या माशांवर फोडता येत नाही. पण वाचवायच्या हेतूने, जाणकार माणसांनी, उत्तम केंद्रातून आणलेला, भारतीयच मासा, तोही चुकीच्या नदीत गेला तर काय होतं हे इतकं स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसणार?

आणि याच गोष्टीची दुसरी बाजूही आहे, ती हाकला-हाकला म्हणणाऱ्यांनी वाचावी. ही सगळी गडबड कळली कशी? गळवाल्यांच्या वह्यांमुळे. सरकारी डेटा नव्हता. 2012 मध्ये त्या अभयारण्यातलं गळ टाकणं बंद झालं, त्याबरोबर काठावरचे डोळेही गेले आणि त्या वह्यांची नोंदही तुटली. तेव्हा पवईतून गळवाल्यांना घालवा म्हणणं मला मूर्खपणाचं वाटतं. पण काठावर बसतो म्हणून तलाव मला कळतो, हा दावाही कावेरीने खोटा पाडलाय. वहीशिवाय काठावर बसलेल्याला मोठ्या माशाचा आनंद दिसतो, कमी झालेली पिल्लं दिसत नाहीत.

बरं, मुळात मासे मरतात कशामुळे? बीज कमी सोडलं म्हणून मरतात का? सांडपाणी येतं, त्यातलं नत्र-स्फुरद खाऊन शेवाळ आणि जलपर्णी माजते, वर गालिचा झाला की खाली उजेड जात नाही, रात्रभर सगळे मिळून प्राणवायू ओढतात आणि पहाटे पाण्यात काही उरत नाही. त्यात पाणी आटलेलं, ढगाळ हवा, किंवा पहिल्या पावसाने नाल्यातला सगळा मुरलेला गाळ एकदम आत ढकललेला. अशा पाण्यात नवं बीज सोडणं म्हणजे काय करणं? आधीचे मेले त्याची आठवण पुसणं. पुढच्या वर्षी मासे दिसले की लोक म्हणणार, बघा तलाव सुधारला! सांडपाणी वळवायच्या, प्रक्रिया करायच्या योजना पालिकेने जाहीर केल्यात, त्या होवोत, पण तलावात भरपूर मासे "दिसत" असतील तर त्या योजनेची घाई कोणाला राहणार? मासे सोडण्याचं माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान हेच आहे, आणि ते कुठल्या जीवशास्त्राच्या पुस्तकात सापडायचं नाही.

याच्या अगदी उलटं उदाहरण ओडिशाच्या चिलिका सरोवराचं. समुद्राला लागून, खारं-गोडं मिसळलेलं पाणी, लाखो पाहुणे पक्षी, इरावती डॉल्फिन. गाळ साचून समुद्राकडचं तोंड बुजत गेलं, पाणी गोडं होत गेलं, वनस्पती माजल्या, 1993 मध्ये रामसर या पाणथळांसाठीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, धोक्यातल्या पाणथळांच्या यादीत नाव गेलं. मासळी वर्षाला दोन हजार टनांच्या आत आली होती. तेव्हाही सोपा मार्ग होताच, बीज ओता, कोळंबी ओता. त्यांनी सप्टेंबर 2000 मध्ये समुद्राकडे नवं तोंड खोदलं. समुद्राचं पाणी आत आलं, त्याच्याबरोबर मासे, कोळंबी आणि खेकड्यांची पिल्लं आपोआप आली, आणि दोनेक वर्षांत मासळी दहा हजार टनांच्या वर गेली. 2002 मध्ये नाव धोक्याच्या यादीतून निघालं. मान्य, चिलिका खाडीसारखं आहे आणि पवई बंद बांध आहे, पवईला समुद्राकडे तोंड खोदता येत नाही. पण पाणी दुरुस्त करणं आधी आणि मासा नंतर, हा क्रम तळ्याप्रमाणे बदलत नाही. पवईचं तोंड म्हणजे ते नाले, फक्त तिथे उघडायचं नसून बंद करायचं आहे.

मे 2022 मध्ये उच्च न्यायालयाने पवईच्या काठावरचा सायकल ट्रॅक बेकायदा ठरवला, बांधलेलं काढायला लावलं. तेव्हा सगळे खूश झालो, मीही. तलावात एक दगड टाकायचा तर परवानगी कुठली, नियम कुठला, असे प्रश्न नागरिकांनी नेटाने विचारले. मग तलावात एक लाख जिवंत प्राणी टाकताना एकही प्रश्न का नसावा?

शेती म्हटलं की हे प्रश्न आपोआप येतात. बीज कुठल्या केंद्रातलं, त्याची पावती, सोडण्याआधी कोणा जाणत्याने नमुना काढून जाती बघितल्या का, सोडायचा आकडा कोणी आणि कशावरून ठरवला, हे फलकावर लिहा, नेत्याच्या फोटोच्या जागी. मांगूर, सायप्रिनस, चंदेरा, गवत्या, बिलकुल नाही. ज्या वर्षी मासे मेले त्या वर्षी बीज नाही, आधी पाण्याचा रिपोर्ट. गळवाल्यांनी प्रत्येक माशाची जात आणि वजन लिहायचं, तिलापी मिळाली तर परत पाण्यात नाही, मरळ मिळाली तर परत सोडायची. काठाचा एक भाग मगरींसाठी आणि तरंगत्या झाडीसाठी पूर्ण बंद, तिथे गळही नाही आणि जॉगिंगही नाही. यातल्या बहुतेक गोष्टींना पैसे लागत नाहीत, फक्त कोणीतरी नाराज होतं.

आणि खायचं काय? तिलापी परत सोडायची नाही म्हटलं की ती कोणाच्या तरी ताटात जाणार. शेतातली भाजी गटाराच्या पाण्यावर पिकवली की आपण बोंब मारतो, रुळांच्या कडेच्या पालकावरून किती वर्षं बोलतोय. मग याच शहरातल्या नाल्यांच्या पाण्यात वाढलेला मासा कोणीच लॅबमध्ये का पाठवत नाही, त्याच्यात शिसं किती, पारा किती, हे तलावाच्या फाटकावर का लागत नाही? तो पकडून पिशवीत घालून नेणारा माणूस बहुतेक वेळा गळवाल्यांच्या क्लबातला नसतो आणि पक्षीवालाही नसतो, त्यामुळे या वादात त्याला अजून कोणी काही विचारलेलंच नाही.